पाहुण्यांसाठी घासलेल्या पट्ट्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे संचालकसाहेब. प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले, शहरातल्या सगळ्या सार्वजनिक इमारतींच्या गरम पाण्याच्या पाइपांचे मुख्य अभियंतासाहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे थोरले बंधू, ज्यांना सगळा कारखाना दादा म्हणतो. पॅकिंगपासून बॉयलरपर्यंतचे माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे मित्र, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

नमनाला घडाभर तेल घालू नये म्हणतात. आपल्या कारखान्यात तेल म्हणजे एरंडेल, तेव्हा मी जपूनच बोललं पाहिजे. मागून कोणी तरी म्हणालं, ‘आता एरंडाचं गुऱ्हाळ सुरू होणार.’ ऐकलं मी. आवाज ओळखीचा आहे, उद्या भेटू.

मी मीठघराचा प्रमुख. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, आपल्याकडे ज्या खोलीत आम्लाचं मीठ करतात तिला मीठघर म्हणतात. माझ्या बायकोनं लग्नानंतर शेजारी सांगून टाकलं, ‘आमचे हे मिठाच्या कारखान्यात असतात.’ तेव्हापासून आमच्या दारात वाट्या येतात. त्यांतल्या एकाही वाटीत मी कधी आमचं मीठ घातलं नाही, म्हणून ती आळी अजून धडधाकट आहे.

मला आज बाईंच्या कार्याविषयी बोलायला सांगितलंय. आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे, ती कार्यक्रमपत्रिकेत नाही. ती सांगायला मला धीर होत नाहीये, म्हणून आधी कार्याविषयी बोलतो. अध्यक्षसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

तर हे मीठ म्हणजे काय? घरच्या मंडळींना कळेल असं सांगतो. आम्ल म्हणजे चावणारा पदार्थ. बहुतेक आम्लं एका तोंडानं चावतात. पण काही आम्लांना दोन्ही टोकांना तोंड असतं, मधे कार्बनची साखळी, कुठे आखूड, कुठे लांब. दोन्ही तोंडांना सोडियम दिला की आम्ल शांत होतं आणि पांढरी पूड हाती लागते. पाण्यात विरघळणारी, उघडी राहिली तर ओल धरणारी. दिसायला सगळी भावंडं सारखी, पण गुण प्रत्येकाचा निराळा. सगळ्यात धाकटं ऑक्झलेट. विषारी आहे, पण इतकं शुद्ध मिळतं की प्रयोगशाळेतलं पर्मँगनेटचं जांभळं द्रावण किती तीव्र आहे ते याच्याच वजनावर ताडून बघतात. चार कार्बनचं सक्सिनेट सुपाच्या पाकिटात चव आणतं. सहाचं ॲडिपेट खाण्याच्या पदार्थाचा आंबटपणा ताळ्यावर ठेवतं. आणि दहा कार्बनचं सेबॅकेट, एरंडेलापासून होणारं, ते आपलं. ते लोखंडाला गंजू देत नाही.

कसं गंजू देत नाही, हे मला बाईंनीच समजावलं होतं. मी नवा होतो, आणि फार हुशार होतो. मी म्हटलं, ‘बाई, चिमूटभर मीठ पाण्यात घालून लोखंड वाचतं, हे काही पटत नाही.’ बाई त्या वेळी वाळत घातलेली चादर काढत होत्या. हो, प्रयोगशाळेच्या गच्चीवर बाईंची चादर वाळायची, कारण त्या तिथेच झोपायच्या कधी कधी. म्हणाल्या, ‘हे टोक धरा.’ मी धरलं. म्हणाल्या, ‘चादर ताणली गेली की नाही? सोडा तुमचं टोक.’ मी सोडलं, चादर पडली. ‘एका टोकाचं मीठ एवढंच करतं. आपलं दोन्ही टोकांनी धरतं. लोखंडावर असा पापुद्रा बसतो की डोळ्याला दिसत नाही, आणि पाण्याला आत जाता येत नाही.’ मग म्हणाल्या, ‘आता पडलेली चादर धुवून आणा.’

मी आणली धुवून.

हे सगळं पुस्तकात असतं, बाईंनी काही शोधून काढलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात. बाईंचा प्रश्न वेगळा होता. पापुद्रा बसतो हे ठीक. टिकतो किती? महिनाभर टिकतो हे कोणीही दाखवेल. पण इमारतीतले पाइप काही महिन्याभरासाठी घातलेले नसतात. एक माणूस नोकरीला लागून निवृत्त होईपर्यंत तेच पाइप, तेच पाणी. तेवढ्या काळाचं काय? आणि याला उत्तर एकच. तेवढा काळ थांबून बघायचं.

म्हणून बाईंनी कामावर आल्या आल्या एक फळी लावली. तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे ती, खिडकीखालची. काचेच्या बरण्या, प्रत्येकीत पाणी, पाण्यात अर्धी बुडालेली लोखंडाची पट्टी. एका बरणीत नुसतं पाणी. एकीत सध्या पाइपांत घालतात ते औषध. बाकीच्यांत आपली मिठं, कुठे कमी, कुठे जास्त. पाणी नळाचं. मी एकदा म्हटलं, शुद्ध पाणी का नाही वापरत? बाई म्हणाल्या, ‘पाइपात काय शुद्ध पाणी येतं का, अहो मीठघर?’ मला त्या नावानं कधी हाक मारत नाहीत, खात्याच्या नावानं मारतात. जड पाण्यात आपल्या मिठाचा साका होतो, हेही त्यांनी त्या फळीवरच बघितलं आणि पाणी आधी मऊ करून घ्यायची अट घातली. खोटं दाखवायचं नाही, त्यात आपली बाजू पडली तरी चालेल, असा खाक्या.

त्या फळीला हात लावायची कोणाची बिशाद नव्हती. पाणी आटलं की बाई स्वतः भर घालणार. बरण्यांना शेवाळी डाग पडले, नुसत्या पाण्याच्या बरणीत चहासारखा गढूळ रंग आला, पट्टीची चाळण होत गेली. शेजारी आपल्या मिठाच्या बरणीतली पट्टी मात्र घातली तशी. बाईंचे केस पिकले, माझे गेले, ती पट्टी होती तशी राहिली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बाई त्या दोन बरण्यांसमोर उभं करायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यानं काय ते बघावं.

आता दादांविषयी. दादा, तुम्हाला आवडणार नाही, पण बोलतो. दादा फिटर होते. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात गरम पाण्याचा पाइप फुटला, आणि उकळतं पाणी दोन्ही हातांवर आलं. पाइप बाहेरून चांगला होता. सध्याचं औषध स्वस्त आहे, पण विषारी आहे, आणि मात्रा जरा कमी पडली की जिथे कमी पडेल तिथेच लोखंडाला बारीक भोक पाडतं. तिथे ती कमी पडली होती. बाई तेव्हा शिकत होत्या. त्यानंतर त्यांनी दुसरं काही शिकायचं नाकारलं. आणि त्या भाजलेल्या हातांनी दादांनी बहिणीच्या फळीसाठी पट्ट्या कापल्या, कानशीनं घासल्या, सगळ्या एका मापाच्या, एकाच पत्र्यातल्या. बोटं पुरती वळत नव्हती तरी केल्या. घरी आईसुद्धा म्हणायची म्हणे, ‘या दोघांना लग्नकार्य काही सुचत नाही, नुसतं लोखंड आणि पाणी.’

हे मी का सांगतोय? प्रमुख पाहुण्यांसाठी सांगतोय. साहेब, बाई तुमच्या कचेरीत किती खेपा घालून आल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आधीच्या साहेबांकडेही घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. पण तुम्ही निदान सरळ बोललात. तुम्ही म्हणालात, ‘बाई, कागदावरच्या आकड्यांनी माझे पाइप वाचत नाहीत. कागद माझ्याकडे ढिगानं येतात. मला लोखंड दाखवा. इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लोखंड माझ्या डोळ्यांनी बघितलं, तर पाइपांत तुमचं मीठ घालायच्या आदेशावर तिथल्या तिथे सही करतो.’ बाई आल्या त्या दिवशी कारखान्यात, तोंडभर हसत. म्हणाल्या, ‘पहिल्यांदा कोणी तरी बरोबर प्रश्न विचारला.’

आणि तुम्ही शब्द पाळलात. आज आलात. पत्रिकेत लिहिलंय, भाषणं, स्मृतिचिन्ह, चहा, आणि नंतर प्रमुख पाहुण्यांची प्रयोगशाळेस भेट. तुमच्या खिशातलं पेन मला इथून दिसतंय.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘आवरतं घ्या.’ ताई, मला आवरता आलं असतं तर मी हे भाषण सुरूच केलं नसतं.

साहेब, बाई, दादा. ती फळी आता नाही.

कुजबुज करू नका. मी सांगतो. मलाही आज सकाळीच कळलं. दोन दिवस मी रजेवर होतो. आज लवकर आलो, म्हटलं पाहुणे यायच्या आधी प्रयोगशाळेचा एक फेरा मारावा. दार उघडलं तर आत इतकं लख्ख की मला वाटलं चुकून दुसऱ्या खोलीत आलो. फरशी चकचकीत. खिडक्या चकचकीत. फळीवर बरण्या उलट्या घालून ओळीनं ठेवलेल्या, धुतलेल्या, कोरड्या. आणि मधोमध आपले पॅकिंगचे पर्यवेक्षक, ज्यांना सगळे चकाचक म्हणतात, कमरेवर हात ठेवून उभे.

मला म्हणतात, ‘कसं काय? बघा जरा. पाहुणे काय म्हणतील सांगा.’

मी म्हटलं, ‘पट्ट्या?’

‘त्यांचीच तर मजा आहे! बाईंना सांगू नका हं. सगळ्यांनी वर्गणी काढली, फ्रेम केली. आतून मखमल. पट्ट्या कसल्या घाण झाल्या होत्या हो, गंजाचे पोपडे, हात लावला की बोट लाल. आधी आम्लात टाकल्या. मग पॉलिशच्या चाकावर धरल्या. अशा निघाल्या म्हणून सांगू, आरशासारख्या!’

मी म्हटलं, ‘कोणती पट्टी कुठल्या बरणीतली ते लिहून ठेवलंत?’

‘लिहायचं काय त्यात? सगळ्या आता सारख्याच झाल्या की. तेच तर कौशल्य.’

मित्रांनो, त्या माणसावर ओरडावं तरी कसं? हा माणूस दोन दिवस जेवायच्या सुटीत जेवला नाही. त्याच्या हाताला अजून चाकाचे फोड आहेत. त्याच्याबरोबर तुम्ही किती जण होतात? बॉयलरचे होते, पॅकिंगचे होते, माझ्या मीठघराचेसुद्धा होते, आज तोंडं खाली घालून बसले आहेत त्यांना मी ओळखतो. बाईंना दोन दिवस प्रयोगशाळेत जाऊ दिलं नाही, ‘गंमत आहे, गंमत आहे’ म्हणून. बाई हसत हसत बाहेर बसल्या. बाई आजवर कुणाचं ऐकून फळीपासून दूर राहिल्या नव्हत्या. या दोन दिवसांत राहिल्या, कारण मुलांचा हिरमोड होऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, पट्ट्यांवर क्रमांक नव्हते का? हाच प्रश्न मी नवा असताना विचारला होता. नव्हते. बाईंनी घालू दिले नाहीत. लोखंडावर ठोकून क्रमांक उमटवला की तिथे लोखंड दुखावतं, आणि नेमका तिथूनच गंज धरतो. मग गंज पाण्यानं धरला की ठोक्यानं, हे कसं कळणार? म्हणून खूण फक्त बरणीला. बरणीचं लेबल. आणि लेबलं, चकाचकांच्याच शब्दांत, ‘गरम पाण्यात अशी सुटली म्हणून सांगू!’

बरं, वजन? पट्टीचं मूळ वजन बाईंकडे आहे. किती लोखंड झिजलं ते वजनावरून काढता आलं असतं. पण फ्रेममध्ये नीट बसाव्यात म्हणून चारी बाजूंनी कापून पट्ट्या एका मापाच्या केल्या आहेत. झिजलेल्या, न झिजलेल्या, सगळ्या. नोंदी आहेत, फोटो आहेत, पण साहेबांनी मागितलं होतं लोखंड, आणि बरोबर मागितलं होतं.

आणि नुसत्या पाण्यातली ती पट्टी, चाळण झालेली? साहेब, सगळ्यात आधी तुम्हाला दाखवायची होती ती. आज दारात बाईंना पुष्पगुच्छ देताना मी जवळ गेलो, सांगावं म्हणून. त्याच मला म्हणाल्या, ‘अहो मीठघर, नुसत्या पाण्याची बरणी मी स्वतः उचलून साहेबांच्या हातात देणार आहे, मधे मधे करू नका.’ मी काय सांगणार? तेवढ्यात आणखी कोणी तरी फुलं घेऊन आलं. आज सकाळपासून बाईंच्या आणि माझ्या मधे सारखी फुलं येतायत. या ध्वनिक्षेपकासमोरच तेवढं कोणी फुलं घेऊन येत नाही, म्हणून इथून बोलतोय. ती पट्टी टाकून दिली, बाई. पॉलिश होईना, चाकावर धरली तर मोडली. शोभा जाते म्हणून भांडारातून नवा पत्रा आणून तिच्या जागी लावला.

यात वाईट कोणी नाही, हेच मला सहन होत नाही. कोणी दुष्टपणानं केलं असतं तर आज मी इथून त्याचा उद्धार केला असता आणि मोकळा झालो असतो. पाहुणे येणार म्हणून घर झाडून काढणं, यात कुणाचं काय चुकतं? आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं. पाहुण्यांना घरातली घाण दिसू नये. पण हे पाहुणे घाण बघायलाच आले होते. बाईंनी आयुष्यभर जपलेला गंज बघायला. आणि इतकी वर्षं एका कारखान्यात त्यांच्याबरोबर काम करून आम्हाला एवढंही कळलं नव्हतं की त्या फळीवर नक्की काय चाललंय. आम्हाला वाटायचं, बाईंच्या बरण्या. बाईंचा छंद. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही केक कापायचो आणि त्या फळीकडे पाठ करून फोटो काढायचो.

अध्यक्षसाहेब, घंटी वाजवू नका. मला ठाऊक आहे, हे तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं. पण यानंतर स्मृतिचिन्ह आहे, म्हणजे या टेबलावर कापडाखाली ठेवलेली तीच फ्रेम. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. म्हणजे साहेबांनी जे बघायला मागितलं होतं ते लोखंड, साहेबांच्याच हातानं, घासून पुसून बाईंना मिळणार, आणि सगळे टाळ्या वाजवणार, आणि बाई हसणार, कारण त्या सभ्य आहेत. ते मला बघवलं नसतं.

बाई उठल्या आहेत. थांबा, कोणी धरू नका त्यांना.

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. बाईंनी टेबलावरचं कापड काढलं आहे. फ्रेम खरोखरच सुंदर केली आहे. बाई बोट फिरवतायत एकेका पट्टीवरून. चष्मा काढून बघतायत. बाई, प्रकाश हवा का? कोणी तरी तो मागचा पडदा सरकवा. हां.

बाई चकाचकांना वर बोलावतायत. या हो. या वर. रडू नका, त्या रागावलेल्या नाहीत. तुम्ही ऐकलंत का, बाईंनी काय विचारलं? त्यांनी विचारलं, ‘डावीकडची कुठल्या बरणीतली, बाळ?’

ध्वनिक्षेपकात बोला.

ते म्हणतायत, ‘बाई, मला सगळ्या सारख्याच दिसल्या. जी सगळ्यात चांगली दिसली ती मधे लावली.’

मधली म्हणजे नवा पत्रा. जिला पाण्याचा थेंब लागलेला नाही.

प्रमुख पाहुणे काही म्हणतायत. साहेब, इकडे या, सगळ्यांना ऐकू दे. साहेब म्हणतायत, ‘जाऊ द्या हो बाई. मनाला लावून घेऊ नका. तुमचा शब्द मला लोखंडापेक्षा कमी नाही. आणा तो आदेश, मी आत्ता सही करतो.’

टाळ्या थांबवा. मी विनंती करतो, टाळ्या थांबवा, बाई मान हलवतायत. बाई, हा घ्या, तुम्हीच बोला.

...

ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी बाईंचे शब्द मी पुन्हा सांगतो. बाई म्हणाल्या, ‘साहेब, सही करू नका. जे बघितलंय ते मी बघितलंय, तुम्ही नाही. उद्या कुठल्या तळघरात कुणाच्या हातावर पाइप फुटला, तर काय सांगाल? बाई म्हणाल्या होत्या? मला आता काही दाखवता येत नाही. दाखवता येत नसेल तर सही मागू नये. मी मागत नाही.’

साहेबांनी पेन खिशात ठेवलं आहे. साहेब, तुमचा राग नाही. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय, आणि तुमच्या जागेवर जे येतील ते लोखंड मागतील की नाही, कोण जाणे. पुन्हा जुनंच औषध चालू राहील. आपलं मीठघरही मग किती दिवस चालेल ते अध्यक्षसाहेबांना विचारून मी त्यांना अडचणीत आणत नाही.

आता दादाही उभे राहिले. दादा म्हणतायत, ‘पुन्हा लाव. मी पट्ट्या करून देतो.’

दादा, तुमची बोटं अजून पुरती वळत नाहीत. बसा.

बाई तुमच्याकडे बघून काही तरी म्हणाल्या, ते ध्वनिक्षेपकात नव्हतं, पण मी शेजारी उभा आहे म्हणून मला ऐकू आलं, आणि आता एवढं सगळं उघड्यावर बोललोच आहे तर तेही लपवत नाही. बाई म्हणाल्या, ‘दादा, लावीन रे. पण उत्तर येईपर्यंत आपण असू का?’

धीराचे दोन शब्द बोलायची अशा वेळी पद्धत असते. मी शोधले, सापडले नाहीत. तरुण मंडळी नव्या बरण्या लावतील, कदाचित. मला खरं सांगायचं तर वाटत नाही. पगारवाढ होईल, बदल्या होतील, कोणी तरी खिडकीखाली कपाट ठेवेल. बाईंसारखं एका जागी बसून आयुष्यभर एका प्रश्नाकडे बघत राहणारं माणूस पुन्हा कुठून आणायचं? आणि आणलंच, तर त्याला आमच्यासारख्या प्रेमळ लोकांपासून वाचवायचं कसं?

असो. समारोप करतो. अध्यक्षसाहेबांनी घंटी हातात असूनही वाजवली नाही, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांनी वेळ काढला, आणि सही न करण्याइतका बाईंचा मान ठेवला, त्यांचे आभार. घरच्या मंडळींचे, ताईंचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे, वर्गणी देणाऱ्या सगळ्यांचे आभार. चकाचक, तुमचेही. खाली जाऊन पाणी प्या.

वेळ जास्त घेतला, नको तिथे नको ते बोललो, सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तींना उभं केलं. या माझ्या बोलण्यातल्या चुका श्रोत्यांनी पोटात घालाव्यात. दुसरी जी चूक आमच्या हातून झाली, तिची क्षमा मी बाईंकडे मागत नाही. बाई देतील. लगेच देतील, म्हणूनच मागत नाही.

चहाची सोय सभागृहाच्या मागच्या बाजूला केली आहे. प्रयोगशाळा बघण्याचा कार्यक्रम रद्द झाला आहे, याची सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.